काळोखातली आठम

ही हकीकत मी कितीतरी वर्षं टाळत आलो. खाडीवरच्या त्या प्रवासाच्या गप्पा मात्र भरपूर मारल्या. माझी चप्पल चिखलात कशी गेली, कॉम्प्युटरला बायकोची साडी कशी नेसवली, निवट्यांचं कालवण खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी कसं आलं, हे सांगून मी लग्नकार्यांत पंगतीच्या पंगती हसवल्या आहेत. पण दर वेळी गोष्ट मोठागावच्या बंदरावर आणून सोडायचो. पुढचं विचारलं तर म्हणायचो, पुढे काय, घरी आलो.

आता ऐंशी उलटली. गुडघे दुखतात, तरी एका जागी बसवत नाही. नातू म्हणतो, "आजोबा, किती फेऱ्या मारता गॅलरीत!" म्हणून आज बसून सगळं लिहितो आहे. पुढचंही.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. मी डोंबिवलीत राहत होतो आणि मानपाड्याच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या ड्रॉइंग खात्यात होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या वसाहतीची सुट्टी रविवारी नसे, शुक्रवारी असे. रविवारी सगळं गाव घरी आणि आम्ही डबा घेऊन कामावर. शुक्रवारी गाव कामावर आणि आम्ही लेंगा-बनियनवर गॅलरीत. भोंगे बंद, धुराडी बंद. आमच्या बायका कपड्यांची मोठी धुणी शुक्रवारी काढत, कारण त्या दिवशी वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसत नसे.

माझा मित्र विद्याधर ठाण्यात वर्तकनगरला राहायचा. कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात खाडीच्या पाण्यासाठी धावपळ करायचा. त्याच्या गटाला कुणीतरी एक जुना कॉम्प्युटर दिला होता. मी संध्याकाळचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून त्याने मला धरलं.

"अरे, प्रदूषणाच्या सुनावणीला कारखानेवाले फायलींचे गठ्ठे घेऊन येतात," तो म्हणाला. "खाडीवरचे लोक येतात रिकाम्या हातांनी. माहिती सगळी त्यांच्याकडे आणि कागद सगळे यांच्याकडे. आपण त्यांना त्यांचा कागद करून देऊ."

ठाण्याच्या कोलशेतपासून होडीने बंदरोबंदरी नोंदी घेत डोंबिवलीपर्यंत यायचं ठरलं आणि मी चार दिवसांची रजा टाकली.

कोलशेत

टेम्पोतून कॉम्प्युटर उतरवला तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. समाजमंदिरात टेबल मांडलं. विजेचा दाब इतका कमी की पडद्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायची. मी मोठ्या ऐटीत रकाने दाखवले: तारीख, ठिकाण, मासा, किती किलो.

पुढे बसलेली एक साठीची बाई उठली. उंच, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हाताला मासळीचा वास. ही धाकलीबाय. भरती कधी, ओहोटी कधी, होडी केव्हा काढायची, हे गाव तिला विचारायचं. पुरुषसुद्धा.

"मास्तर, याला तीथ कलते?" कॉम्प्युटरकडे बोट करून तिने मला विचारलं.

"तारीख कळते, मावशी."

"तारखेचा काय करू? पानी तारखेनं चढतं का?"

बायका हसल्या. मीही हसलो, पण तिचं बरोबर होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची भरती, पाणी अगदीच मलूल. आमच्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढत, हे मला आजोबांनी शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो.

"आनि किलो कंचा? टोपली लिव," दुसरी म्हणाली.

"वास कुटं लिवायचा?" तिसरीने विचारलं. "मासा मरायच्या आदी वास येतो ना! तुजे यंत्राला नाक नाय?"

दोन तासांत त्या बायकांनी माझे रकाने मोडून टाकले. किलोच्या जागी टोपली आली. वासाचा नवा रकाना आला आणि त्यात चार वास त्यांनीच ठरवले: सडक्या अंड्याचा, रंगाचा, औषधाचा आणि जळक्या रबराचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी यादीत माशांची चित्रं हवीत म्हणाल्या. मी फुल्या आणि टिंबं जुळवून एक बोईट काढला. प्रिंटर करवतत करवतत तो कागदावर उतरवू लागला तशी धाकलीबाय म्हणाली, "बोईट नाय तो, बोईटाचा आजा दिसतंय."

तेवढा तिथीचा रकाना राहिला. तो प्रोग्रॅम तारखेवरच बांधलेला होता. तिथी घालायची तर सगळं उसकटून पुन्हा बांधायला हवं होतं. "पुढे घालतो," मी म्हणालो. "नक्की."

संध्याकाळी धाकलीबायने मला घरी नेलं. चुलीमागच्या भिंतीवर ठिपक्यांच्या ओळी होत्या, वर्षभराच्या. काही चुन्याचे, काही कोळशाचे, आणि प्रत्येकापुढे रेघा.

"पांढरा तो चांदन्यातला. काला तो कालोखातला," ती म्हणाली. म्हणजे शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष. ठिपक्याच्या आत तिथीइतके ओरखडे, पुढे मिळालेल्या टोपल्यांच्या रेघा आणि मासळी मेली असेल तर आडवी फुली. तिला अक्षर येत नव्हतं, पण मी कचेऱ्यांत पाहिलेल्या कित्येक नोंदवह्यांपेक्षा ती भिंत चोख होती.

मी वहीत उतरवायला बसलो. माझ्याकडे एकच निळं पेन. मी ठरवलं, काळोखातल्या तिथीभोवती गोल काढायचा. पहिल्या पानावर काढले. दुसऱ्या पानावरही काही काढले. मग उजेड उतरला, भाकरीचा वास सुटला, विद्याधर दारातून "आटप रे" म्हणू लागला आणि मी नुसते आकडेच लिहीत गेलो. गोल नंतर घालू, आठवेल आपल्याला.

कशेळीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी आठाच्या सुमाराला भरती लागली. अमावास्या होती, पाणी जोरात आत येत होतं. होडी धाकलीबायच्या मुलाची, जनार्दनची. त्याचं लग्न होऊन दोन मुलं झाली होती, तरी आईसमोर तो अजून सांभाळूनच बोलायचा. धाकलीबायची लेक डोंबिवलीच्या मागच्या मोठागावात दिलेली, म्हणून तीही निघाली.

कॉम्प्युटरला पाणी लागू नये म्हणून मी बायकोची जुनी साडी आणली होती. तिच्यात मॉनिटर गुंडाळून होडीच्या मध्यावर ठेवला.

"मास्तर, नवरीला नीट बसवा," जनार्दन म्हणाला. "हुंडा किती घेतला?"

"फुकट मिळाली," विद्याधर म्हणाला.

"मंग तोंड बगून घ्या पयला," धाकलीबाय म्हणाली.

ठाण्याला गाडीतून जाताना मला खाडी दिसायची ती काठाकाठाने, घाईत. पाण्यावरून सगळं उलटं दिसतं. तिवरांची दाट हिरवी भिंत, तिच्यामागे अचानक एखादं मंदिराचं शिखर, मग कशेळीचा पूल, मग पुन्हा तिवरं. ठाण्याच्या इमारती मागे पडत गेल्या. मी आयुष्यभर ज्या गावात राहिलो त्याच्याकडे मी पाठीमागून चाललो होतो, परसदाराने.

एका वस्तीपाशी होडी लावली. मी शहाणपणा करून फळीची वाट न पाहता उडी मारली आणि मांडीपर्यंत चिखलात रुतलो. जनार्दनने काखेत हात घालून उपसलं. उजवी चप्पल तिथेच राहिली, ती अजून तिथेच असेल.

"वही बगा, वही!" धाकलीबाय ओरडली.

वही मी डोक्यावर धरली होती. कोरडी ठक्क. मला त्याचा केवढा अभिमान वाटला तेव्हा.

तिथल्या अंगणात जेवलो. निवट्यांचं लालभडक कालवण आणि तांदळाची भाकरी. निवटी म्हणजे चिखलावर बेडकासारखी उड्या मारणारी मासळी. आमच्या घरी कधी आली नव्हती. आमच्याकडे मासे खायचे ते वार पाहून; सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही. हे सांगितलं तेव्हा धाकलीबायला हसू आवरेना.

"माशाला कसा कलंल आज कंचा वार हाय?" ती म्हणाली. "आमी तीथ बगून जेवताव."

जेवणानंतर तिथल्या बायकांच्या नोंदी घेतल्या, प्रिंटरवर यादी काढली आणि भिंतीला लावली. रंगाचा वास म्हटल्यावर इथल्या बायकांनी मान हलवली आणि पाचवा वास सांगितला, कडू. वास कडू कसा असतो, मी विचारलं. "वास येल तवा कलंल," त्या म्हणाल्या. रकाना पुन्हा बदलला. प्रत्येक बंदरावर हेच होत गेलं. मुंब्र्याच्या रेतीबंदरावर रेती काढणाऱ्यांनी पाण्याच्या रंगाचा रकाना मागितला. यंत्र माझं आणि शिकवणारे ते, असं चाललं होतं. त्या दोन दिवसांत मी जितका खूश होतो तितका पुढे क्वचितच झालो असेन. म्हणूनही ते आठवणं जड जातं.

मोठागाव

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठागावला लागलो. बंदराच्या अलीकडे एक नाला खाडीत उतरत होता. मला कडू वास कळला. जिभेच्या मुळाशी बसतो तो.

माझं घर तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर होतं. त्या नाल्याचं पाणी आमच्याच वसाहतीकडून येत होतं. मी सतरा वर्षं तिथे कामाला होतो आणि ते कुठे जातं हे कधी विचारलं नव्हतं.

धाकलीबायने मला काठावर उभं केलं. पौषात ती लेकीकडे आली होती, तेव्हा दुपारी नाल्यातून तांबडं पाणी सुटलं आणि घटकाभरात बोईट पोट वर करून तरंगू लागले. जावयाच्या जाळ्यात एक जिवंत मासळी उरली नाही. तिने हातांनी दाखवलं, इथून तिथपर्यंत पांढरं.

"कालोखातली आठम," ती म्हणाली. "घरी जाऊन भितीवर घातली, दोन फुल्या घातल्या. यो दिस नीट लिव, मास्तर. यो चुकला त सगला चुकला."

"लिहिलाय," मी वही दाखवली. आठचा आकडा होता, पुढे दोन फुल्या होत्या. तिला आकडे ओळखू येत. तिने बोट ठेवलं.

"यो कालोखातला, कशावरून कलंल?"

"घालतो पुढे," मी म्हणालो.

जनार्दनने वहीत डोकावून म्हटलं, "आठम ना? बरोबर. पानी भांगाचा होता." दोन्ही पक्षांच्या अष्टमीला पाणी सारखंच मलूल असतं, त्यामुळे त्यालाही काही खटकलं नाही.

माझी गोष्ट इथे थांबायची.

घरी

कॉम्प्युटर माझ्या घरी ठेवला होता. शुक्रवारची सुट्टी पाहून मी नोंदी भरायला बसलो. विद्याधरचा शेजाऱ्यांकडे फोन आला, सुनावणी अलीकडे आली आहे, पुढच्याच आठवड्यात यादी हवी.

प्रोग्रॅम तारखेशिवाय पुढे सरकू देईना. तिथीचा रकाना बांधायला वेळ नव्हता. मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेतली, मागची पानं उलटली आणि तिथीवरून तारखा लावू लागलो. जिथे गोल होता तिथे प्रश्न नव्हता. जिथे नव्हता तिथे दोन-दोन तारखा निघत. पौषात दोन अष्टम्या, पंधरा दिवसांच्या अंतराने.

कोलशेत माझ्यापासून दीड-दोन तासांवर होतं. जायचं, भिंत पाहायची, यायचं. एवढंच करायचं होतं. पण ऊन तापलं होतं, मी लेंगा-बनियनवर होतो, बायकोने पन्हं केलं होतं. धाकलीबायने बंदरावर सांगितलेलं मला आठवत होतं का? आजही मला खात्रीने सांगता येत नाही. पण विचारायला हवं हे तेव्हाही कळत होतं, हे मात्र खात्रीने सांगतो. मी पहिली अष्टमी घेतली. जिथे जिथे शंका आली तिथे पहिलीच घेतली.

छापून झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, पुस्तकासारखं दिसतंय!" खरंच सुरेख दिसत होतं.

सुनावणी

एका सरकारी कचेरीतली लांबट खोली. साहेब, कारखान्याचे प्रतिनिधी, आमचा गट आणि मागच्या बाकावर खाडीवरची माणसं. धाकलीबाय नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी घालून आली होती. माझी यादी साहेबांपुढे होती. त्यांनी पानं उलटून "वा" म्हटलं. मी सुखावलो.

मग कारखान्याचा माणूस उठला. चिडला नाही की काही नाही.

"सर, सगळ्यात मोठी घटना म्हणून जी तारीख दिली आहे, तो शुक्रवार आहे. शुक्रवारी आमची वसाहत बंद असते. पाणी सोडणार कोण?"

मला आमच्या गॅलरीतलं पांढरं धुणं दिसलं. शुक्रवार! सगळ्या दुनियेत हे ज्याला कळायला हवं होतं तो मी.

साहेबांनी धाकलीबायला पुढे बोलावलं. "बाई, तारीख नक्की आठवते?"

"तारीख मना ठाव नाय, सायेब. मना तीथ ठाव हाय. कालोखातली आठम."

"कॉम्प्युटरच्या यादीत ही तारीख आहे."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मास्तर सांगतील, असं. मी उभं राहून दोन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. ती तारीख माझी आहे. तिची तिथी पंधरा दिवसांनी येते आणि त्या दिवशी शनिवार होता.

मी यादीकडे पाहत राहिलो. शेजारून विद्याधर कुजबुजला, "काय रे, म्हातारीचा हिशेब चुकला का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

साहेबांनी शिपायाला चहा सांगितला, आणि त्या एका तारखेबरोबर सगळी यादी बाजूला पडली. उतरताना जिन्यात कारखान्याचा माणूस कुणाला तरी हसत सांगत होता, "अहो, यांना वारसुद्धा कळत नाहीत."

धाकलीबाय माझ्या पुढेच दोन पायऱ्यांवर होती. तिने पदर डोक्यावरून घेतला.

पुन्हा कोलशेत

मी गटातून हळूहळू बाजूला झालो. कामाचं निमित्त, मुलीच्या परीक्षेचं निमित्त. गट थांबला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या एका मुलाकडून प्रोग्रॅम नव्याने बांधून घेतला. त्यात तिथीचा रकाना होता आणि तिथीपुढे एक गोल, चांदण्यासाठी पोकळ, काळोखासाठी भरलेला. खाडीच्या दोन्ही काठांच्या बायका तो भरू लागल्या. विद्याधर सांगायचा, आता कुणी यादी सहज बाजूला टाकत नाही. धाकलीबायच्या भिंतीवरचे ठिपके कागदावर आले होते. तिच्याशिवाय.

त्यानंतर चार-पाच वर्षं गेली असतील. मी एके शुक्रवारी उठलो आणि कोलशेतला गेलो. पिशवीत नवी यादी होती, मी स्वतः पुन्हा केलेली, बरोबर तारखांची. बसमध्ये बसून वाक्यं जुळवत गेलो. दोनदा मधेच उतरावंसं वाटलं.

"मास्तर! चप्पल गावली का?" ही तिची पहिली हाक.

मला हसू आलं नाही. ती वाकली होती. तिने आग्रहाने बसवलं, सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी वाढली. मी चुलीमागे पाहिलं. भिंतीला फिकट निळा तेली रंग दिला होता.

"ठिपके?" मी विचारलं.

"आता नाय मोजीत," ती म्हणाली. "मना चुकतं. तवा चुकला ना सगल्यांचे म्होरं. मंग पोरं हसायला लागली, म्हातारे, आज कंचा वार? आता समदी क्यालेंडर बगतान." मग म्हणाली, "मना अजून वाटतं कालोखच होता. पन यंत्र कशाला खोटा बोलंल? मीच चुकलो आसंन."

त्यांच्यात बायका असंच बोलतात, चुकलो, गेलो.

जनार्दन दारात जाळं विणत बसला होता. होडी केव्हा काढणार, मी उगाच विचारलं. त्याने आईकडे पाहिलं नाही. आत लटकवलेल्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.

"मास्तर, काय काम काढलाव?" तिने विचारलं.

"काही नाही, मावशी. असाच आलो होतो."

तिने सुका जवळा कागदात बांधून दिला. पिशवीत तो यादीवरच ठेवला. घरी आल्यावर सगळ्या कागदांना वास लागला होता. अजून येतो, की मला भास होतो, कोण जाणे.

पुढच्या शुक्रवारी जायचं ठरवलं, मग त्याच्या पुढच्या. असे किती शुक्रवार गेले. एके दिवशी विद्याधरनेच बोलता बोलता सांगितलं, धाकलीबाय गेली, दोन महिने झाले. विद्याधरला मी हे सगळं त्याच दिवशी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मला नव्हे रे, तिला सांगायचं होतंस."

त्या दिवशी बसमध्ये जुळवलेली वाक्यं मला पाठ आहेत. ती इथे लिहितो.

मावशी, तुमची तीथ बरोबर होती. काळोखातलीच आठम होती, शनिवार होता, वसाहत चालू होती. भिंतीवरचा ठिपका खरा होता. यंत्र खोटं बोललं नाही आणि तुम्हीही चुकला नाहीत. तारीख मी घातली, तुम्हाला न विचारता. आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मी मान खाली घातली. मला माफ करा.